बाबांचा घोटा आणि माझी पत्रकं

पत्रक कसं लिहायचं ते मी झोपेतही सांगेन. वर एका ओळीत मागणी. खाली अन्याय, पण लांबण लावायची नाही, लोक उभ्या उभ्या वाचतात. मग एक माणूस घालायचा, खराखुरा, आपल्याच भागातला, ज्याचं दुखणं वाचून बाजारातली बाईसुद्धा म्हणेल, हो तर आमच्याच घरचो. माणूस नसेल तर पत्रक मेलं. लोक आकड्यांसाठी धरण्याला येत नाहीत.

त्या माणसाच्या जागी मी माझ्या बाबांना घातलं होतं.

बाबांचा उजवा पाय मला कळायला लागल्यापासून वाकडाच आहे. माझ्या जन्माआधी एकदा काजूच्या बागेत वांदर शिरले, तेव्हा त्यांना हाकलायला बाबांनी गडग्यावरून उडी मारली. गडगा म्हणजे बागेभोवती रचलेली चिऱ्यांची भिंत, छातीएवढी उंच. वांदर पळाले आणि बाबांचं घोट्याच्या वरचं हाड मोडलं. गावातल्या हाडवैद्याने पाला वाटून लावला, बांबूच्या कांब्या बांधल्या, दीड महिना पाय तसा ठेवला. हाड जुळलं, पण तिरकं जुळलं. पाऊल आतल्या बाजूला वळलं. मला त्या हाडवैद्यावर रागावता येत नाही. तेव्हा आमच्याकडे हाडाचा दुसरा डॉक्टर होताच कुठे?

तिरक्या पावलाने बाबा तीस वर्षं चालले. बाग भरडावर आहे, म्हणजे डोंगराच्या उतारावर. सगळं काम चढायचं, उतरायचं, नाहीतर उकिडवं बसून काजी वेचायचं. बाबांची चप्पल बाहेरच्या कडेने झिजायची, म्हणून ते टायरचा तुकडा कापून त्या कडेला खिळे मारून बसवायचे. दर दोन महिन्यांनी नवा तुकडा. आई म्हणायची, "गाडयेक लावतत तितके टायर ह्यांच्या चपलेक लागतत." बाबा हसायचे. मग साठीकडे आल्यावर ते हसेनात. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं भिंत धरून टाकायचे. बागेतून येताना गडग्यावर बसून घोटा दाबायचे, आणि आम्ही दिसलो की पाणी पिण्यासाठी बसल्यासारखं दाखवायचे.

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. महिन्यातून एकदा बाहेरून येणारे हाडांचे डॉक्टर होते, तालुक्याच्या गावात एका भाड्याच्या खोलीत बसायचे. एक्स-रे काढला, तोही टेबलावर आडवं निजवून. डॉक्टरांनी घोटा वाकवून पाहिला आणि बाबांना म्हणाले, "जा काका, चप्पल घाला." चपला बाहेर पायरीशी काढलेल्या. खिळे मारलेली ती चप्पल चढवायला बाबांना वेळ लागायचा. तेवढ्या वेळात डॉक्टर माझ्याशी बोलले. शिकलेली मुलगी बरोबर असली की डॉक्टर तिच्याशीच बोलतात.

ते म्हणाले, "पाऊल तिरकं आहे म्हणून सगळा भार घोट्याच्या आतल्या बाजूवर येतोय. तिथली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी समजा, ती झिजलीय. बाहेरची बाजू अजून चांगली आहे. घोट्याच्या वर हाड कापायचं, पाचर मारल्यासारखं उघडायचं आणि पाऊल सरळ करायचं. म्हणजे भार चांगल्या बाजूवर जाईल आणि सांधा वाचेल."

"आणि नाही केलं तर?"

"तर झीज बाहेरच्या बाजूला पोचेल. मग वाचवण्यासारखं काही राहत नाही. सांधा जाम करून टाकतात. दुखणं जातं, पण घोटा वाकत नाही. उतारावर काम करायचं म्हणता ना? वर्षभरात करून घ्या. इथे नाही होणार, गोव्याला जावं लागेल."

आता हे कोणीही ऐकलं असतं तर त्यात काय ऐकलं असतं? वर्षभरात करून घ्या. मी ऐकलं, 'इथे नाही होणार.' जिल्ह्यात डॉक्टर आणा म्हणून आमची चळवळ चालली होती, माझं डोकंच तसं झालेलं. हाड मोडलं की गोवा, बाळंतीण अडली की गोवा, आणि ह्या जिल्ह्यातल्या माणसाने गाडीच्या मागच्या सीटवर आडवं पडून हद्द ओलांडायची. मी रस्त्यातच ओळ तयार केली. आम्ही गोव्याचे पाव्हणे नाही, ह्या जिल्ह्याचे नागरिक आहोत.

बाबांनी विचारलं, "काय म्हणता तो?"

मी म्हटलं, "ऑपरेशन करायला पायजे म्हणतो. हाड सरळ करतत. आमी इथे डॉक्टर मागतोच आहोत, इलो की इथेच होईल."

वर्षभराचं मी सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. माझ्या बोलण्यात ते आलंच नाही, एवढंच. ह्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या पत्रकात बाबा आले. 'एका काजू बागायतदाराचा पाय.' नाव नव्हतं, पण गावात नाव कशाला लागतं? त्यांचा एक्स-रे मी पुठ्ठ्याला चिकटवून फलक केला. धरण्याच्या दिवशी तो फलक दिवसभर उन्हात होता. संध्याकाळी काढला तेव्हा फिल्म पापडासारखी वळली होती आणि वरच्या कोपऱ्यात टाचणीचं भोक. जत्रेत पत्रकं वाटली, तर खाजं विकणाऱ्या मिठाईवाल्याने अर्धा गठ्ठा पुड्या बांधायला घेतला. माझा बाप शंभर घरांत खाज्याच्या तेलात भिजून पोचला. मी चिडले. बाबा म्हणाले, "बरा झाला गो. खाजा संपल्यार तरी वाचतीत."

त्यांना अभिमान होता, हेच तर सगळं आहे. बाजारात, टपरीवर, देवळात, जो भेटेल त्याला आपल्या लेकीचं सांगायचे, "चेडवान माझ्या डॉक्टर आणल्यान की पयलो पाय माझो." एकदा शेजारच्या काकांनी पाय टिकण्यावरून टोमणा मारला, "तोपर्यंत पाय रवात मा रे?" बाबा म्हणाले, "पाय रवता. तू रव." सगळे हसले. मीही हसले. चार लोकांत शब्द दिला की आमच्याकडचा माणूस त्या शब्दाखाली मरेल, पण उठून दुसरीकडे जाणार नाही, हे मला ठाऊक होतं, तरीही मी हसले.

आईने दोनदा विषय काढला. "गोव्याक जावन दाखवूया तरी." बाबा म्हणाले, "तिचो डॉक्टर येवंदे. आता गोव्याक गेलंय तर लोक तिका काय म्हणतीत? बापूसच पळालो म्हणतीत." आईने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा म्हणायला हवं होतं, बाबा, खड्ड्यात जाऊ दे पत्रक, उद्या निघूया. मी म्हटलं, निवेदन वर गेलंय, ह्या महिन्यात काहीतरी होईल.

दोन वर्षं गेली. निवेदनं, स्मरणपत्रं, साहेब मीटिंगमध्ये, साहेब रजेवर, नवे साहेब, नव्याने निवेदन. आणि मग खरोखर डॉक्टर आला. आमच्या भागातल्या सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरची जागा भरली. कुठल्या ते लिहीत नाही. आम्ही पेढे वाटले.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. हातात ओल्या काजूगरांची पुडी, डॉक्टरांना द्यायला. मधल्या काळात त्यांच्या हातात काठी आली होती आणि चपलेवर टायरचे दोन थर झाले होते. डॉक्टर घाटावरचा, तरुण, माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठा. त्याने घोटा बराच वेळ चाचपला. मग म्हणाला, "काका, हे इथे नाही होणार."

मी वही काढली. मला वाटतं मी आवाजही चढवला. का नाही होणार? ते लेखी द्या.

तो शांतपणे म्हणाला, "भूल देणारे डॉक्टर इथे आठवड्यातून एकदा येतात. हाड कापताना पडद्यावर बघायला लागतं, ते यंत्र नाही. आणि मी स्वतः हे ऑपरेशन कधी केलेलं नाही, ते मी तुमच्या वडलांवर शिकणार नाही. तुमच्या पत्रकांमुळे मी इथे आलो, हे मला सांगितलंय लोकांनी. पण मॅडम, तुम्ही डॉक्टर मागितलात. बाकीचं मागितलं नव्हतं."

मी वही मिटली.

मग त्याने सहज विचारलं, "ह्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं का, लवकर करा म्हणून?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. शंका म्हणून नव्हे. डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं मीच द्यायची, अशी आमची पद्धत होती म्हणून.

मी म्हटलं, "नाही."

काजूगरांची पुडी बाबांनी तरीही टेबलावर ठेवली. बाहेर आल्यावर म्हणाले, "पोरगो बरो आसा. फसवूक नाय त्याना."

गोव्याला गेलो. आई बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलेली. हद्दीवरचं बांदा गेल्यावर एकदाच बोलली, "तुझ्या कागदांनी सगळ्यांचे पाय बरे झाले, घरातलो तेवढो रवलो." पुढे रस्त्यात बस अडकली तर मी कंडक्टरशी भांडले. भांडायला मला कोणीतरी लागतंच.

तिथे एक्स-रे उभं राहून काढायचा होता. लाकडी खोक्यावर उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या. बाबा उभे राहिले, छाती काढून, शाळेत प्रार्थनेला उभे राहतात तसे. एक्स-रे काढणाऱ्या बाईंनी वाकून त्यांच्या उजव्या टाचेखाली एक कागद सरकवला. कागद अलगद आरपार गेला. टाच खोक्याला टेकलेलीच नव्हती. सगळा भार डाव्या पायावर. बाई गोव्याच्या कोकणीत म्हणाल्या, "बाबा, हांव तुका शिक्षा दिना मरे. पांय सकयल दवर." पाय खाली ठेव म्हटल्यावर बाबांनी टाच टेकवली. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी पहिल्यांदा बघितला. उन्हात बागेत काम करतानाचा घाम मी बघितला होता, हा वेगळा होता. फोटो निघेपर्यंत त्यांनी श्वास धरला, खरं तर कोणी धरायला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. जुना एक्स-रे आहे का म्हणाले. मी ती वळलेली फिल्म काढून दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी ताणून खिडकीच्या उजेडात धरली. "हे भोक कसलं?"

"टाचणीचं," मी म्हटलं. त्यांनी नवी फिल्म शेजारी लावली.

"ही बघा बाहेरच्या बाजूची फट. ही तेव्हाची, ही आत्ताची." तेव्हाची फट तांदळाच्या दाण्याएवढी होती. आत्ताची रेघ होती, पेन्सिलीने ओढल्यासारखी. "जुना फोटो निजवून काढलाय, त्यामुळे अगदी तुलना करता येणार नाही. पण कमी झालंय ते झालंच आहे. आता आत बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. आधी दुर्बीण घालून बघणार. बाहेरच्या बाजूची कूर्चा कामाची असेल तर हाड कापून सरळ करणार, सांधा ठेवणार. नसेल तर त्याच वेळी सांधा जाम करणार. दोन्हीवर सही द्या."

बाबांनी विचारलं, "मधी माका विचारतलात काय?"

"भूल कमरेखालची असणार. तुम्ही जागे असाल. पण विचारणार नाही."

"म्हणजे कौलच की," बाबा म्हणाले. "देवाक पाकळ्ये लावचे आणि वाट बघीत रवायचा. उजवी पडली तर ह्या, डावी पडली तर ता."

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "तसंच समजा. फक्त पाकळी कुठची पडायची ते तुमच्या घोट्याने आधीच ठरवलंय. मी नुसता बघणार."

बाबांनी दोन्ही कागदांवर सह्या केल्या. सही करताना ते नेहमी जीभ दातांत धरतात.

ऑपरेशन सकाळी होतं. मी आणि आई बाहेरच्या बाकड्यावर. माझ्या पिशवीत फोन होता, वही होती, माहितीच्या अधिकाराचे कोरे अर्ज होते, ते नेहमी असतातच. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की समोर एक बंद दार आहे आणि त्याच्या आत कोणीही चुकत नाहीये. कोणी लाच मागत नाहीये, कोणी टाळत नाहीये. आत एक माणूस काळजीपूर्वक बघतोय की माझ्या बापाच्या हाडावर काय उरलंय. त्याला निवेदन देऊन काय सांगणार? थोडं जास्त उरू द्या? मी बाकड्यावर बसून जिना चढणाऱ्या माणसांच्या घोट्यांकडे बघत होते. घोटा किती वाकतो हे आपण कधी बघतच नाही. प्रत्येक पायरीला वाकतो.

आई जप करत नव्हती, रडत नव्हती. तिने डब्यातून घावणे काढले आणि म्हणाली, "खा. उपाशी रवान त्यांचो पाय सरळ होवचो नाय." मी खाल्ले.

डॉक्टर बाहेर आले. टोपी काढली आणि माझ्याशी बोलले. शिकलेली मुलगी.

"सांधा ठेवलाय."

मी भिंतीला हात लावला.

"पण ऐकून घ्या. बाहेरची कूर्चा पातळ झालीय, मधे मधे उखडलीय. अगदी काठावर होतं. मी जाम करणार होतो, मग ठरवलं की एक संधी देऊ. पाऊल सरळ झालंय, कापलेल्या हाडातली फट भरायला कमरेचं हाड घेतलंय, धातूची पट्टी बसवलीय. दोन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही."

"किती वर्षं टिकेल?"

"दोन वर्षांपूर्वी आला असतात तर मी तुम्हाला काहीतरी सांगितलं असतं. आता नाही सांगत. उद्या परत दुखायला लागला तर जाम करावाच लागेल."

ते गेले. आईने विचारलं, "काय म्हणालो?"

मी म्हटलं, "सांधो ठेवल्यानी."

आणि तिथेच थांबले. पुन्हा तेच केलं होतं. अर्धं ऐकवलं होतं, बरं वाटणारं. ह्या वेळी माझं मला कळलं. मी आईला बाकड्यावर बसवलं आणि उरलेलं सगळं सांगितलं, दोन वर्षांपूर्वीचं सुद्धा, त्या भाड्याच्या खोलीतलं, वर्षभरात करा म्हणाले होते ते. आईने डब्याचं झाकण लावायला घेतलं. बराच वेळ ते नीट लागेना. मग म्हणाली, "त्यांका तू सांग. मी सांगूचंय नाय."

सांगायला मला तीन आठवडे लागले. रोज उद्यावर ढकलायचे. लोकांना उत्तरदायी धरणं सोपं असतं हो. टेबलाच्या ह्या बाजूला उभं राहून बघा.

बाबांची खाट पडवीत टाकली होती. पाय तीन उशांवर, छातीपेक्षा उंच. काजूचा हंगाम संपत आलेला, आई खाली पडलेल्या काजी वेचायला बागेत गेली होती. सकाळचे नऊ-साडेनऊ. मी खाटेशेजारी खाली बसले आणि सांगितलं. काय शब्दांत सांगितलं ते आठवत नाही. पत्रकासारखं नाही सांगितलं, एवढं नक्की. सरकारी दवाखान्यात 'नाही' म्हटलं होतं तेही सांगितलं.

बाबा वरच्या कौलांकडे बघत होते. ते बोलतील म्हणून मी थांबले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. 'जावंदे गो' म्हणाले असते तरी चाललं असतं, मी त्याच्यावर रडले असते आणि मोकळी झाले असते.

"किती वर्सां म्हणता तो, टिकात म्हणान?" त्यांनी विचारलं.

"सांगत नाय म्हणाले."

"नवी कलमां लावलेली आसत खालच्या अंगाक. तिसऱ्या वर्सा धरतीत." मग म्हणाले, "तितक्या तरी टिकाक होया."

मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याने काय टिकणार होतं?

मग ते कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागले. वळता येईना. मी उठले तर हाताने थांबवलं.

"आवशीक हाक मार."

"ती बागेत गेली. काय होया? मी देतंय."

त्यांनी हात खाटेखाली नेला, पोचेना. मला कळलं. खाटेखाली लघवीची बाटली होती, ती रोज आईच द्यायची. मी बाटली उचलून त्यांच्या हाताशी ठेवली.

"भायर जा," बाबा म्हणाले.

मी अंगणात गेले. पाठ करून उभी राहिले. आत खाट करकरली, मग थांबली, मग पुन्हा करकरली. मग बाटली जमिनीवर पडल्याचा आवाज आला, आणि ती घरंगळत भिंतीपर्यंत गेल्याचा.

मी वळले.

"येव नको गो," आतून बाबा म्हणाले.

मी पायरीवर थांबले. वरच्या अंगाला बागेत आई कुठेतरी वाकून काजी वेचत असणार. मी तिला हाक मारली. ऐकू गेली नसावी. मी पुन्हा मारली.